दोमोनकाकांच्या तीन जागा

दोमोन हेइरोकू यांच्या धाकट्या मुलीला जुळे मुलगे झाले, त्याच वर्षी इसोदा गावच्या हौशी वाद्यवृंदानं तेरा वर्षांच्या एका मुलीला पाहुणी म्हणून वाजवायला बोलावलं. मुलीचं नाव कुशिबिकी सुझुहा. ती राहायची पाच तासांवरच्या शहरात, त्यामुळे तालमीला एकदाच येऊ शकणार होती. कार्यक्रम रविवारी, आणि ती येणार शुक्रवारी. मग त्याआधीचे पाच महिने करायचं काय, असा प्रश्न पडला. रचना तीन भागांची होती. पुढे एकटं व्हायोलिन आणि मागे चाळीस माणसं. पुढचं माणूसच नसेल तर मागच्यांनी जायचं कुणाच्या मागे?

"तोवर तिचं मी वाजवतो," दोमोनकाका म्हणाले. "नुसती जागा धरायला."

दोमोनकाका एकाहत्तर वर्षांचे. जन्मभर तातामीच्या चटया शिवल्या. निम्मं गाव त्यांच्या हातच्या चटयांवर झोपत होतं. व्हायोलिन शिकले चाळिशीनंतर, आणि बसायचे दुसऱ्या रांगेत सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी ते उठून पुढे येऊन उभे राहिले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या वाजवण्यात तीन जागा अवघड होत्या. पहिल्या भागात एक भराभर वर चढणारी तान होती. ती काका घाटात गाडी चढावी तशी चढायचे, आणि वर पोचल्यावर जरा श्वास घ्यायचे. दुसऱ्या भागात ऐन हळव्या जागी पान संपायचं. काका बोट जिभेला लावायचे, पान उलटायचे, चष्मा सावरायचे, मग पुढे वाजवायचे. तिसऱ्या भागात शेवटाकडे एक ओळ ते सोडूनच द्यायचे. त्यांच्या करंगळीचं टोक एकदा चटई कापताना सुरीखाली गेलं होतं, आणि त्या ओळीला करंगळी लागायची.

वाद्यवृंद चालवणारे उराबे मास्तर गावच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा विषय काढून पाहिला. "काका, त्या तानेच्या जागी जरा..."

"हो हो, लक्षात आलंय माझ्या. तिथे घाई होते माझी, नाही का?"

"छे छे, तसं नाही. छान आहे की."

पुढच्या बुधवारी काका ती तान आणखी सावकाश चढले. त्यानंतर मास्तरांनी विषय काढला नाही. काका वयानं मोठे, फुकट राबत होते, त्यांना कोण बोलणार? त्यापेक्षा सोपा मार्ग सगळ्यांनी आपापला शोधला. आपल्या पानांवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: पहिल्या जागी "दोमोन, चढ", दुसऱ्या जागी "दोमोन, पान", तिसऱ्या जागी "दोमोन, उडी". पाच महिन्यांत ते इतकं अंगवळणी पडलं, की काका चष्मा सावरायचे तेव्हा चाळीस माणसं एकदम श्वास रोखायची. इतक्या एकदिलानं इसोदाचा वाद्यवृंद पूर्वी कधी वाजला नव्हता. उराबे मास्तर घरी म्हणालेसुद्धा, "यंदा बसलंय हं."

शुक्रवारी मागोमे फुसाए स्टेशनवर मायलेकींना आणायला गेल्या. मागोमेबाईंची कपडे धुण्याची लाँड्री. वाद्यवृंदात त्या बासरी वाजवायच्या आणि कार्यवाहही त्याच. गाडीत बसल्याबसल्या सुझुहाच्या आईनं हळूच सांगितलं, "रविवारी शिगेमात्सु बाई येणार आहेत हिला ऐकायला. वर्षाला एकच मूल घेतात शिकायला. आणि एकदा ऐकलं की ऐकलं. पुन्हा ऐकत नाहीत कुणाला."

"अगंबाई! काही काळजी करू नका," मागोमेबाई म्हणाल्या. "आमचं अगदी पक्कं बसलंय."

तालीम सुरू झाली. मुलगी लहानखुरी, पण वाजवणं नितळ. तान आली तशी ती सर्रकन चढून पलीकडे उतरलीसुद्धा, आणि मागे चाळीस माणसं अजून घाट चढत होती. दुसऱ्या भागात ती न थांबता पुढे गेली. वाद्यवृंद मात्र भक्तिभावानं थांबला. तिसऱ्या भागात सगळ्यांनी मिळून ती ओळ ओलांडली, आणि मुलगी ती ओळ वाजवत मागे राहिली. वाद्यवृंद शेवटाला पोचून गप्प बसला, तरी ती वाजवतच होती. एकटीनंच संपवून तिनं गज खाली घेतला.

"माफ करा," सुझुहा कमरेत वाकून म्हणाली. "मी नीट ऐकलं नाही तुमचं."

"नाही नाही, चूक माझी," उराबे मास्तर वाकले.

"हिला अजून समज नाही हो," आई वाकली.

"मी असलं कसलं वाजवत होतो..." दोमोनकाका वाकले. लगेच चाळीस माणसांनी "छे छे, काका, तुमचं काही नाही" म्हणत त्यांच्याकडे तोंड करून वाकून घेतलं. या वाकावाकीत दहा मिनिटं गेली आणि तालमीची वेळ संपली. खरं काय झालं ते कुणीच बोललं नाही.

वाद्यं पेटीत घालताना सुझुहाला मागोमेबाईंच्या पानावर पेन्सिलीची अक्षरं दिसली. "हे काय आहे, मावशी?"

दोमोनकाका दोन पावलांवर उभे होते. मागोमेबाईंनी तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते ना? ती आमच्या इथली पद्धत आहे."

"अच्छा," म्हणून मुलीनं फोनवर तिन्ही पानांचे फोटो काढले. मागोमेबाईंना वाटलं, आठवण म्हणून काढत असेल.

शनिवारी सकाळी लाँड्रीच्या मागच्या खोलीत अख्खा वाद्यवृंद जमला. दोमोनकाकांना सांगितलं होतं, आज सुट्टी. टांगलेल्या कोटांखाली वाकून लोक खोडरबरानं पानं खोडत बसले.

"पोरीचं आयुष्य आहे हो हातात," उराबे मास्तर म्हणाले. "आज काही झालं तरी काकांना विसरायचं."

"विसरायचं कसं? कानात बसलेत ते," मागची एक बाई म्हणाली.

"मग कान धुऊन घ्या. लाँड्रीतच आहात."

दुपारपर्यंत बावीस वेळा त्या तीन जागा वाजवल्या. शेवटी एकदाची उडी सुटली, चढ सुटला, पानही सुटलं.

इकडे काकांना सुट्टी. शुक्रवारचा प्रकार त्यांच्या मनातून जाईना. मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोड वड्यांचा, डबा घेऊन ते मुलगी उतरली होती त्या लॉजवर गेले. कबूल करून टाकायचं, असं ठरवूनच गेले होते.

"पोरी, तू वाजवतेस तेच बरोबर," चटईवर बसत ते म्हणाले. "ते लोक जे थांबतात बिंबतात ना, ते..."

"आजोबा, ती पद्धत तुम्ही घातलीत?"

"पद्धत?"

"मागोमे मावशी म्हणाल्या, ती इथली पद्धत आहे."

काका ताठ बसले. एकाहत्तर वर्षांत त्यांच्या कुठल्याच गोष्टीला कुणी पद्धत म्हटलं नव्हतं.

"मी सकाळपासून तीच बसवतेय," सुझुहा म्हणाली. "पण पानाच्या जागी किती थांबायचं ते कळत नाही. माझं सगळं पाठ आहे, मला पान नाहीच."

"बोट ओलं करायचं, पान उलटायचं, चष्मा सावरायचा. तेवढं."

"मला चष्मा नाही."

"मग तो आहे असं धरून चाल."

"आणि ही ओळ का सोडता?"

काकांनी करंगळी मुठीत घेतली. "ती... नसली तरी चालतं."

आईला राहवेना. "अगं, पण उद्या बाई येणार आहेत. त्यांना काय वाटेल?"

"मग काय करू, आई? चाळीस माणसांना सांगू, तुम्ही बदला म्हणून? पाहुणी ना मी?"

आईनं डबा उघडून मोची पुढे केली. काकांनी दोन तास तिला शिकवलं. परत येताना त्यांना कुठेतरी खटकत होतं, पण मागोमेबाईंनीच पद्धत म्हटल्यावर आपण कोण मोडणारे, असं म्हणून ते घरी गेले.

रविवारी सभागृह भरलं. पाचव्या रांगेत शिगेमात्सु बाई बसल्या होत्या. करड्या केसांची, बारीक चणीची बाई, मांडीवर हात ठेवून. काका आपल्या जुन्या जागी, दुसऱ्या रांगेत शेवटी. पाच महिने दुसऱ्याचंच वाजवल्यामुळे स्वतःचा भाग त्यांनी एकदाही वाजवला नव्हता. गज तारांच्या जरा वर फिरवत ते बसले.

पहिल्या भागात तान आली. वाद्यवृंद सर्रकन पलीकडे उतरला आणि मागे वळून पाहतो तर मुलगी घाटात! ती काकांसारखी संथ चढत होती, वर पोचून तिनं श्वाससुद्धा घेतला. उराबे मास्तरांनी दोन्ही हातांनी माणसं कशीबशी थांबवली.

भाग संपला. त्या अर्ध्या मिनिटात रांगारांगांतून कुजबूज गेली: "ती काकांचं वाजवतेय! आपणही काकांचंच धरू!" आणि पुढे उभी असलेली सुझुहा मनात म्हणत होती, यांनी पद्धत सोडली वाटतं, मग आपणही सोडू.

दुसऱ्या भागात पानाची जागा आली. सगळा वाद्यवृंद थांबला. मुलगी पुढे गेली. ते थांबलेले ऐकून ती दचकून थांबली, तर ती गेली असं पाहून वाद्यवृंद निघाला होता. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन माणसांसारखं झालं. हा डावीकडे सरकतो तर तोही तिकडेच.

आता काकांना सगळं कळलं. लोकांच्या पानांवरच्या खोडलेल्या खुणा शेजारच्या स्टँडवर त्यांना दिसत होत्या. आपल्याला सुट्टी का होती, तेही कळलं. आणि पाचव्या रांगेतल्या त्या बाई पुन्हा कुणाला ऐकत नाहीत, हे सुझुहाच्या आईनं काल दोनदा सांगितलं होतं.

तिसरा भाग बराचसा नीट गेला. पण ती ओळ जवळ यायला लागली तसा सगळ्यांचा आवाज बारीक होत गेला. उडी मारायची की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. उराबे मास्तरांचा हात हवेत लटकल्यासारखा झाला. चाळीस माणसांनी माना वळवून दोमोनकाकांकडे पाहिलं. वाजवता वाजवता सुझुहानंही त्यांच्याकडेच पाहिलं.

जन्मात कुणावर आवाज न चढवलेला तो माणूस जागेवरून उठला आणि भर सभागृहात ओरडला, "उडी नाही! सरळ चला!"

सगळे सरळ गेले. मुलगी पुढे, चाळीस माणसं मागे, एकदम. दोमोनकाकांनी ती ओळ वाद्यवृंदासकट पहिल्यांदाच ऐकली. पंधरा सेकंदांची होती. मग ते खाली बसले आणि शेवट सगळ्यांनी एकत्र गाठला.

कार्यक्रमानंतर आतल्या खोलीत सगळे माफी मागायला रांगेत उभे राहिले. शिगेमात्सु बाई आल्या.

"ओरडलं कोण?"

"मी," काका पुढे झाले. "सगळं माझ्यामुळेच झालं. मुलीचा काही दोष नाही."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मुलीकडे वळल्या. "पहिल्या भागात तू त्यांच्यासाठी थांबत होतीस, की ते तुझ्यासाठी?"

"दोघंही, बाई."

"आणि दुसऱ्यात?"

"दोघंही."

"हं. एप्रिलपासून ये." आई तिथेच खुर्चीवर बसली. बाई उराबे मास्तरांना म्हणाल्या, "हे असं बसवायला किती दिवस लागले?"

मास्तर मागोमेबाईंकडे वळले. मागोमेबाईंनी खरं ते सांगितलं, "पाच महिने."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या आणि गाडी गाठायला निघून गेल्या.

पुढच्या वसंतात त्यांचं पत्र आलं. मास्तरांनी ते तालमीत वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं, "माझी मुलं स्वच्छ वाजवतात, पण मागचे चुकले की कोसळतात. इतक्या विश्वासानं चुकणारा वाद्यवृंद मला दुसरीकडे मिळाला नाही. आता दरवर्षी दोन मुलं तुमच्याकडे पाठवीन. तुमच्यापुढे टिकतील ती कुठेही टिकतील. कृपा करून काही सुधारू नये."

मास्तरांनी पत्राची घडी घातली. मग मागोमेबाई म्हणाल्या, "काका, यंदाही जागा धराल ना?"

"धरेन की," दोमोनकाका म्हणाले, "पण मी ती ओळ शिकायला घेतलीय. तिसऱ्या बोटानं जमतेय थोडी थोडी."

"काका!" चाळीस माणसं एकदम ओरडली.

"आता ऐन वेळी?" उराबे मास्तर काकुळतीला आले. "मुलं यायची आहेत हो!"

काकांनी समजूतदारपणे मान डोलावली. ओळ ते घरी वाजवायचे, तालमीत सोडून द्यायचे. अशी त्यांनी आणखी पाच वर्षं जागा धरली, आणि नऊ मुलं त्यांच्या मागून वाजवून गेली. दहाव्याला ताप आला म्हणून तो आला नाही.

दोमोन हेइरोकू त्यानंतरच्या वर्षी, फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला सकाळी वारले.