बोरीवाल्या म्हातारीचा तक्ता

ज्याचा तक्ता होत नाही, त्याचे अस्तित्व शंकास्पद असते. पाऊस पडला हे रजिस्टरात नोंद झाल्यावर ठरते, आणि माणूस मेला हेसुद्धा दाखला हाती आल्याशिवाय आम्ही मानत नाही. असे असताना बालकथांतली पात्रे मात्र वर्षानुवर्षे बिनतक्त्याची मोकाट हिंडत होती. ही गोष्ट आम्हा शिक्षणवाल्यांना शोभणारी नव्हती.

पूर्वी शाळेत गोष्ट सांगण्याची पद्धत फार ढिसाळ होती. बाई गोष्ट सांगत, पोरे ऐकत, हसत, क्वचित एखादे रडे, आणि मग सगळी मिळून "आणखी एक सांगा" म्हणत. यातून कार्यालयाच्या हाती काय लागे? पोर नेमके किती रडले, कोणत्या पात्रामुळे रडले आणि त्या पात्राची टक्केवारी काय होती, याचा कागदाचा एक तुकडाही मागे उरत नसे.

ही उणीव "पात्र-गुण-चक्र" या उपक्रमाने भरून काढली. मी रामकिसन, तालुक्याच्या कार्यालयात आकडे गोळा करण्याच्या कामावर आहे. आमच्याकडच्या दोनशे अकरा शाळांत हा उपक्रम राबवण्याचा मान माझ्याकडे आला, आणि मला तो फार आवडला, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो.

चक्र समजायला सोपे आहे. सायकलच्या चाकासारखा एक गोल आणि मधून निघालेल्या काड्या. एकेक काडी म्हणजे स्वभावाचा एकेक गुण: धैर्य, हुशारी, मेहनत, शिस्त, प्रामाणिकपणा, स्वच्छता, नेतृत्व. पात्राला प्रत्येक काडीवर दहापैकी मार्क द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज निम्म्याच्या वर गेली तर पात्र हिरवे रंगवायचे, खाली राहिली तर लाल. हिरव्या पात्रासारखे वागायचे. लाल पात्राच्या बाबतीत सगळ्या वर्गाने उभे राहून एका सुरात म्हणायचे, "मी असे वागणार नाही." (वेळ उरल्यास गोष्टही वाचावी, अशी तळटीप होती.)

वरून आलेला मूळ नमुना एकच होता, जाड पुठ्ठ्यावरचा, रंगीत. तो एका हातात धरून दुसऱ्या हाताने मी मोबाइलवर फोटो काढला आणि मुख्याध्यापकांच्या गटावर टाकला. तीन मिनिटांत दोनशे अंगठे वर आले. (उरलेल्या अकरा ठिकाणी रेंज नाही.) पुठ्ठा मी कपाटात ठेवला आणि छपाईसाठी तोच फोटो घेऊन जुन्या जालन्यात महेबूबभाईंच्या छापखान्यात गेलो. लग्नपत्रिका छापाव्यात तर त्यांनीच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पडद्याकडे पाहिले.

"साहेब, फोटोत खाली तुमचा अंगठा आल्ता, तो पुसून टाकला," ते म्हणाले. "पण आता चाक खालून उघडं पडून राह्यलं. एखादी काडी तर न्हाई ना सुटली?"

"मंजूर नमुना हाय, महेबूबभाई. मंजूर नमुन्यात काही सुटत नसतं."

"मंग त्या जागी दुकानाचं नाव टाकू का? जागा फुकट कशाला घालवायची?"

मला त्यात हरकत घेण्यासारखे काही दिसले नाही. अशा रीतीने चक्राच्या तळाशी, जिथे काडी नव्हती तिथे, "लग्नपत्रिका सुबक व वेळेवर छापून मिळतील" ही ओळ आणि महेबूबभाईंचा नंबर आला. उलट चक्र आता जास्तच भरलेले दिसू लागले.

पहिल्या तीन महिन्यांत चार हजार सहाशे बारा पात्रांची तपासणी झाली. निष्कर्ष डोळे उघडणारे आहेत. सिंह सरसकट हिरवे निघाले; ते हरणे खातात, पण वेळच्या वेळी खातात, म्हणून शिस्तीत दहा. हरणे लाल. (पळून जाणे धैर्यात बसत नाही.) सातशे तीस कोल्ह्यांपैकी सातशे अठ्ठावीस हिरवे, उरलेले दोन आजारी होते. उंदीर स्वच्छतेत गेले. भुकेपोटी दूध चोरणाऱ्या एका मांजराबाबत एका शाळेने मार्गदर्शन मागवले, तेव्हा भूक ही परिस्थिती आहे, स्वभाव नव्हे, सबब तिला मार्क नाहीत, असे कळवण्यात आले. एकोणीस शाळांनी तळाची ओळ हीसुद्धा काडीच समजून पात्रांना लग्नपत्रिकेत मार्क दिले. सिंहाला त्यात नऊ होते. हे आकडे आम्ही वेगळ्या फाइलीत ठेवले आहेत, न जाणो कधी कोणी मागितले तर असावेत.

आता बोरीवाल्या म्हातारीकडे येतो. चौथीच्या पूरक वाचनात तिची गोष्ट होती आणि जानेवारीत सर्व शाळांना तीच नेमून दिली होती. म्हातारीच्या दारात बोरीचे झाड असते. एक माकड रोज येऊन बोरे खाते. म्हातारी रोज दगड मारते, रोज शिव्या घालते. एक दिवस माकड येत नाही, दुसऱ्या दिवशीही येत नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारी ओटीत बोरे घेऊन त्याला शोधत निघते. ते ओढ्याकाठी पडलेले असते, पायात काटा मोडलेला. म्हातारी काटा काढते, बोरे तिथेच ठेवते आणि घरी येते. आठ दिवसांनी माकड पुन्हा झाडावर, आणि म्हातारीच्या हातात पुन्हा दगड. गोष्ट इथे संपते. (तात्पर्य दिलेले नाही, हा संपादकांचा गाफीलपणा.)

म्हातारीचे मार्क असे: धैर्य चार, हुशारी एक (बोरे शेवटी गेलीच), मेहनत सहा, शिस्त दोन (शिव्या), प्रामाणिकपणा पाच, स्वच्छता तीन, नेतृत्व शून्य. एकूण सत्तरपैकी एकवीस. लाल. माकडाला धैर्यात नऊ, हुशारीत नऊ, मेहनत आणि नेतृत्वही बरे, असे सदतीस पडले, म्हणून माकड हिरवे. दोनशे दहा शाळांत म्हातारीला एकवीसच मार्क पडले, एक कमी नाही की जास्त नाही. इतकी एकवाक्यता आजवर कोणत्याही संशोधनात आढळली नसेल. (पहिल्या शाळेने आपला भरलेला तक्ता गटावर टाकला होता आणि रेंज नसलेल्यांनी तो शेजारच्या शाळेत जाऊन पाहिला, तो भाग निराळा.) त्यानंतर काही हजार पोरांनी उभे राहून म्हटले, "मी म्हातारीसारखे वागणार नाही." मी एका शाळेत स्वतः ऐकले. अंगावर काटा आला.

दोनशे अकरावी शाळा हसनाबादच्या पुढच्या एका वस्तीवरची. तिथे साधना बाई होत्या. मूळच्या अंकुशनगरच्या, नेमणूक कंत्राटी, करार दर मार्चला आमच्या शेऱ्यावर वाढायचा. चार वर्षे शेरा "समाधानकारक" होता. यंदाच्या शेऱ्यासाठी त्यांच्या वर्गाचे तक्ते माझ्या टेबलावर आले आणि त्यातला एक पाहून मी चहा खाली ठेवला. अफ्रीन नावाच्या मुलीने लग्नपत्रिकेच्या ओळीवरून पेन्सिलीने सरळ खाली एक काडी ओढली होती. शेजारी लिहिले होते, "बोरं नेली". त्यावर म्हातारीला दहा. बेरीज ऐंशीपैकी एकतीस, म्हणजे सरळसरळ लाल, आणि म्हातारी रंगवली होती हिरवी. वर्गाने वाक्यही म्हटले नव्हते.

आमचे सोमेश्वर साहेब स्वतः चौकशीला निघाले. मी फाइल घेऊन मागे. साहेब खुर्चीवर बसले आणि मुलीला पुढे बोलावले.

"ही काडी कुणी सांगितली काढायला?"

"कुणीच न्हाई, सर," अफ्रीन म्हणाली. "म्हातारी बोरं घेऊन गेल्ती. त्याचे मार्क लिहायला जागाच न्हाई चाकात. मॅडमला इचारलं, तर मॅडम म्हणल्या, जागा न्हाई तर कर."

"आन् माकडाला त्या काडीवर दोन कशाचे?"

"काटा काढताना त्यानं चावलं न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी हे लिहून घेतले नाही, कारण कुठल्या रकान्यात लिहावे ते कळेना. मग साहेब बाईंकडे वळले.

"बाई, उद्या एकेक पोरगं एकेक काडी जोडायला लागलं तर चाकाचं काय होईल?"

"जास्त गोल होईल, सर," बाई म्हणाल्या.

हे उत्तर उद्धट होते की नाही यावर आम्ही परतीच्या वाटेत भोकरदनपर्यंत चर्चा केली आणि उद्धट होते असे ठरले. कारणे दाखवा नोटीस निघाली. आरोप तीन. एक, मंजूर चक्रात अनधिकृत बांधकाम. दोन, लाल पात्र हिरवे रंगवू देणे. तीन, दोनशे दहा शाळांच्या एकवाक्यतेचा भंग. खुलासा समाधानकारक नसल्यास करार वाढणार नाही.

साधना बाईंचा खुलासा दोन ओळींचा आला. "मूळ नमुना दाखवावा. त्यात सातच काड्या असतील तर माझी चूक मला मान्य आहे."

साहेबांनी मला पुठ्ठा काढून ठेवायला सांगितले. मी कपाट उघडले, धूळ झटकली आणि काड्या मोजल्या. आठ होत्या. आठवी सरळ खाली गेलेली, आणि तिच्या टोकाशी छापले होते, "दयाळूपणा". फोटो काढताना मी पुठ्ठा जिथे धरला होता, बरोबर तिथे. खात्री करावी म्हणून मी त्या शब्दावर अंगठा ठेवून पाहिला. शब्द काडीसकट पूर्ण झाकला गेला.

मी उथळ माणूस नाही, दोन दिवस विचार केला. एका बाजूला साधना बाई, एक. दुसऱ्या बाजूला चार हजार सहाशे बारा पात्रे, ज्यांचे तक्ते भरून, सही-शिक्क्यानिशी वर गेले होते. एका कंत्राटी बाईसाठी इतक्या पात्रांवर अन्याय करणे मला पटेना. शिवाय माझ्या निवृत्तीला चार वर्षे आहेत. सुनावणीत साहेबांनी विचारले तेव्हा मी उभा राहून सांगितले, "मूळ नमुना वाळवीनं खाल्ला, सर."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बरं. पण ती पोरगी रोज इचारून राह्यली, म्हातारी बराबर का चाक बराबर. तिला काय सांगू?"

"अहवाल आला की कळवू," साहेब म्हणाले.

मला वाईट वाटले. वाईट वाटण्याला रकाना नसल्याने ते कुठे नोंदवले गेले नाही, म्हणून इथे नोंदवतो.

मार्चमध्ये अहवाल आला. वरच्या कार्यालयाच्या संगणकात रकाने आठ होते आणि आमच्याकडून भरून गेले सात, त्यामुळे आठव्यात यंत्राने आपणहून शून्य घातले. चार हजार सहाशे बारा पात्रे, दयाळूपणा शून्य. वरच्यांनी गंभीर दखल घेतली. तालुक्यातून दयाळूपणा समूळ नाहीसा झाल्याचे आकड्यांवरून सिद्ध होत असून तातडीने उपाययोजना करावी, असे पत्र आले. (त्याच आठवड्यात साधना बाईंचा करार संपला.) "दयाळूपणा वाढ पंधरवडा" जाहीर झाला. मंगल कार्यालय ठरले, मंडप पडला, शिक्षकांना टोप्या आल्या. यंदा चक्र एकाच काडीचे आहे, म्हणजे काही झाकले जाण्याचा प्रश्नच उरला नाही. आणि चार हजारांवर पात्रांचा दांडगा अनुभव पाहता, मुख्य प्रशिक्षक म्हणून माझी निवड झाली. मी रोज दोन तास दयाळूपणा शिकवतो. मागच्या रांगेतले झोपतात, त्यांना मी उठवत नाही, तेही प्रात्यक्षिकात धरले जाते.

आता तुमच्याविषयी. वाचता वाचता तुम्ही माझे चक्र भरून टाकले आहे, हे मला ठाऊक आहे. प्रामाणिकपणा शून्य, धैर्य शून्य, मी लाल, बाई हिरव्या, साहेब लाल. माझी काही तक्रार नाही, पद्धत बरोबर आहे. फक्त एक सांगतो. बाईंची नोकरी गेली, ते मी वर कंसात घातले होते. तुम्ही ते वाचलेत, आणि मंडप, टोप्या, पुढे काय गंमत आहे ते बघायला तसेच पुढे निघालात. बाई आता कुठे आहेत आणि त्या पोरीला शेवटी काय सांगितले, हे मी विचारले नाही आणि तुमच्याही मनात आले नाही. म्हणजे आठव्या काडीवर तुमचे-माझे मार्क सारखेच भरतात. तेव्हा पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि माझ्या शेजारी उभे राहा. वाक्य तुम्हाला पाठ झालेच आहे.