अकराव्या कलमाची भांडी

लोक फोनवरच्या अटी वाचत नाहीत, सरळ ‘मान्य’ दाबून मोकळे होतात, आणि हे आपण शास्त्रशुद्ध सिद्ध करणार, अशी पंडितांची गर्जना होती! पंडित हे घरच्यांनी ठेवलेलं नाव. संपर्कमाध्यमांचा कायदा आणि धोरण या विषयात त्यांची पीएचडी चालू होती. इतकी वर्षं, की सासऱ्यांनी ‘कधी संपणार?’ हे विचारणंही सोडून दिलं होतं.

प्रयोग झकास होता. पंडितांनी नातेवाइकांसाठी एक लुटुपुटीचं अ‍ॅप काढलं आणि अटींच्या जंगलात अकरावं कलम दडवलं: ‘संशोधक वर्षभर दर रविवारी सहभागी व्यक्तीच्या घरची भांडी घासून देईल.’ सगळ्यांनी पटापट ‘मान्य’ दाबलं. पंडित हवेत!

तिथेच गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण आत्याकडे सगळे जेवायला जमले, आणि पंडितांना राहवेना.

"एकानेही वाचलं नाही! मी दर रविवारी तुमची भांडी घासायचं कबूल केलंय, कळलं का कुणाला?"

सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"म्हणजे तू लिहून दिलंयस?" आत्याने विचारलं.

"अगं, तो सापळा होता!"

"असेल. दुधाचं पातेलं करपलंय, भिजत घालते."

"आमच्याकडे सकाळीच या, भावजी," मेहुणा म्हणाला. "दुपारी पाहुणे आहेत."

"कढया धरल्यात ना त्यात?" वहिनींनी खुंटा हलवून घट्ट केला.

पंडित धावले ते थेट मार्गदर्शक बाईंकडे.

"मॅडम, हे काही बंधनकारक नाही ना?"

"आहे की! सहभागींना दिलेला शब्द मोडलास तर सगळी माहिती बाद. प्रबंध पुन्हा पहिल्यापासून."

"असं कुठे लिहिलंय?" पंडितांमधला कायदा खवळला.

"विद्यापीठाच्या नीती समितीने प्रयोगाला दिलेल्या परवानगीपत्रात. खाली तुझीच सही आहे." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचलं नव्हतंस?"

पंडितांनी न वाचणाऱ्यांच्या तक्त्यात मुकाट्याने आणखी एक नाव वाढवलं.

रविवारी ते आत्याच्या मोरीत ते पातेलं खरवडत बसले होते. आत्या कौतुकाने जवळ आली.

"तुझं ते अ‍ॅप फार गुणी आहे रे! इमारतीत सगळ्यांना पाठवलंय मी, भांड्यांचं सांगून."

पंडितांनी फेसाळल्या हातांनी घाईघाईने फोन काढला. अ‍ॅप बंद करायचं राहूनच गेलं होतं! नवे सहभागी धडाधड येत होते, आणि या खेपेला प्रत्येकाने अकरावं कलम तेवढं वाचलं होतं.