गायामायची गाभण मेंढी

वेदी शंभर पावलांवर राहिली होती आणि मेंढी वाटेतच व्याली.

फिलाग्रोसने कपाळावर हात मारला. यंदा गायामायला मेंढी द्यायची पाळी त्याच्या घराची. मेंढी काळी हवी आणि गाभणच हवी. धरणीत बी पडायच्या आधी या धरणीमायला भरलं पोट वाहायचं, हा गावाचा नेम. तोवर कुणी नांगराला हात लावायचा नाही. पाऊस पडून चार दिवस झाले होते. फिलाग्रोसचं शेत खडकाळ उतारावर, गावात सगळ्यात आधी वाळणारं. आज नांगर धरला नाही, तर वर्षभराचे जव गेले.

"आणखी घटकाभर कळ काढली असतीस तर मेली असतीस का?" तो मेंढीवर खेकसला.

"हो, मेलीच असती," त्याची बायको मेलिता म्हणाली.

"तू गप! आता काय करू ते सांग."

"पोट सुटलेलंच आहे अजून. वर माळा घालू. कोण वाकून बघतंय?"

मेलिताने कोकरू पुसून शालीखाली दडवलं. दहा पावलं गेले नाहीत तोच शेजारचा लिसानियास येऊन मिळाला. शालीतून बारीक आवाज आला, "बें."

"वहिनी, तुमच्या पोटात काय ओरडतंय?"

"काल तुमच्या घरी जेवले ना, तेव्हापासून आहे."

वेदीपाशी सगळं गाव जमलं होतं आणि म्हातारी पुजारीण थेआनो वाट बघत होती. तिने मेंढीच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. मेंढीने मान हलवली म्हणजे तिचा होकार; त्याशिवाय सुरी चालवायची नाही. या मेंढीने मान हलवली नाही. ती सरळ मागे वळली, तिने मेलिताच्या शालीत तोंड खुपसलं आणि कोकरू धपकन खाली पडलं. उठून ते गावादेखत आईला प्यायला लागलं.

"अरे नालायका!" लिसानियास किंचाळला. "देवीला फसवतोस? तुझ्यामुळे गाव उपाशी मरेल!"

"ओरडू नका," थेआनो म्हणाली. "दुसरी आणा. काळी, गाभण. कुणाची आहे?"

इतका वेळ देवीच्या नावाने गळा काढणारी बाकीची बारा घरं एकदम मुकी झाली.

"लिसानियासच्या चाळीस आहेत," फिलाग्रोस म्हणाला.

"पण गाभण एकही नाही! आमचा मेंढा अगदीच मिळमिळीत."

"आणि दोन महिने विहिरीवर त्याचं कौतुक कोण सांगत होतं? आम्हाला पाणी भरू देत नव्हतास!"

"बोलतो माणूस." लिसानियास वाकला आणि त्याने जमिनीला तळहात टेकला. "गायामायची शपथ, माझी एकही मेंढी गाभण नाही."

मग काय, रांगच लागली. बाराही घरचे कर्ते वाकले. धरणीला हात लावून धरणीलाच फसवत होते हरामखोर.

थेआनोने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"ठीक. म्हणजे तुमच्यापैकी कुणाचीच मेंढी गाभण नाही. आता तुमच्या वाड्यात कोकरू जन्मलं, तर ते देवीनेच धाडलेलं. आईसकट इथे आणून बांधायचं."



"एक... एक असेल बहुतेक," लिसानियास म्हणाला आणि धावत सुटला.

त्याच्या मेंढीने पहिल्याच थेंबाला मान हलवली. पूजा पार पडली.

"मग बाकीच्या एकोणचाळीस सुटल्या ना, माय?" त्याने विचारलं.

"शपथ ती शपथ," सुरी पुसत थेआनो म्हणाली.

दुपारी फिलाग्रोस उतारावर बैल जुंपत होता. ऊन चढलं होतं, माती कडेने पांढरी पडायला लागली होती. तेवढ्यात बांधावरून लिसानियास आला. मागे बाकीचे अकरा आणि त्यांच्या मागे मेंढ्यांचा लोंढा.

"फिलाग्रोसदादा," तो म्हणाला. दादा तो जन्मात पहिल्यांदाच म्हणत होता. "शपथ काही तू घेतली नाहीस. आमच्या मेंढ्या महिनाभर तुझ्या वाड्यात राहू देत. कुणी विचारलं तर तुझ्याच म्हणायच्या."

"सकाळी मी नालायक होतो."

"रागात निघून गेलं रे तोंडातून."

फिलाग्रोसने मेंढ्यांकडे पाहिलं, मग वाळत चाललेल्या उताराकडे. नांगराची मूठ सोडून तो दगडावर बसला.

"आधी नांगर आणा," तो म्हणाला. "बाराही."