केळ निसवते तेव्हा

नवागामच्या चाळीत गटार तुंबलं. पाईप नेमका पुष्पाबाईंच्या केळीखालून गेलेला. घरमालक जयंतीभाई सकाळीच प्लंबरला, हिलालला, घेऊन आले.

"काढ ही केळ."

पुष्पाबाई हातातलं लाटणं घेऊनच धावल्या. जळगावहून कंद आणून वाढवलेली केळ होती ती. "भाऊ, नका तोडू! केळ निसवी राह्यनी!"

हे ऐकलं आणि हिलालने फावडं खाली ठेवलं. तोही खानदेशातलाच. "निसवणारी केळ मी नाही तोडणार, शेठ."

"निसवणारी एटले शुं?"

सगळे चाळीतल्या भूपेंद्रकडे बघायला लागले. कापडाच्या लूमवर दिवसभर गुजराती बोलणारा भूपेंद्र इथे मात्र अडकला. "म्हणजे... फूल येणं."

"फूल ते गुलाबलेबी येस!" पुष्पाबाई खवळल्या.

"बरोबर, फूल गुलाबालाही येतं. हे वेगळं." भूपेंद्र शब्द शोधू लागला. "ज्वारीचं कणीस पानाच्या पोटरीतून बाहेर पडतं ना, तेही निसवणं. प्रसवमधलाच 'सव' असेल बहुतेक. केळीचं फूल खाली कंदात तयार होतं, शेठ. मग आतल्या आत, एवढ्या खांबातून चढत चढत वर येतं. शेवटचं पान आखूड आलंय बघा. म्हणजे आलंच."

"झाडाची डिलिव्हरी?" जयंतीभाई हसले. "मने मूरख समझे छे?" त्यांनी स्वतःच फावडं उचललं आणि बुंध्याशी दणकून घातलं.

माती सैल झाली. केळ कलली, ती थेट त्यांच्याच अंगावर. फावडं टाकून त्यांनी तिला खांद्यावर झेललं. शिव्या द्यायला तोंड वर केलं आणि ते तसंच राहिलं.

पानांच्या मधून जांभळं टोक बाहेर आलं होतं. ओलं. मुठीएवढं.

भूपेंद्रच्यासुद्धा अंगावर काटा आला. शब्द लहानपणापासून पाठ होता, बघत होता पहिल्यांदाच.

"एवढं... आतून चढून आलं?" जयंतीभाईंनी हळूच विचारलं.

"हो ना, भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या. "आता हलू नका."

चाळीतला सागर टेकू आणायला कामरेज रोडवरच्या बांबूवाल्याकडे पळाला. जयंतीभाई केळीला खांदा देऊन उभे. इस्त्रीच्या शर्टावर केळीचा चीक. तो कधी जात नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

"शेठ, मग पाईप कुठून नेऊ?" हिलालने विचारलं.

"मारा ओटला नीचेथी. माझ्या ओट्याखालून."

"नवीन फरशी आहे, शेठ."

"फोड." जयंतीभाईंनी पुन्हा वर पाहिलं. "पण हळू फोड रे. आवाज नको."