आपणच पास केलेलं कापड

तंबूत दोन खाटा होत्या, जाळीच्या चार खिडक्या, सहा उशा, आंघोळीचा एक टब, दोन चेनचा एक दरवाजा आणि संकटात वाजवायचा एक लाल भोंगा. सुरतच्या डिंडोलीची माणसं दोन. कुलपं शून्य.

"कुलूप नहीच शे?" मालतीबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"चेन शे ना," लोटूभाऊ म्हणाले.

"चेन मन्ही पर्सलेबी शे."

लोटूभाऊ सुरतजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, तंबूच्या कापडाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं चेकर होते. बोत्स्वानातल्या पाणथळ प्रदेशातल्या या महागड्या कॅम्पला कापड त्यांच्याच कारखान्यातून गेलं होतं. कॅम्पवाल्यांना आणखी बारा तंबू उभारायचे होते, म्हणून त्यांनी शेठना तीन दिवस राहायला बोलावलं. पण प्रवासाआधी इंजेक्शन घ्यावं लागतं हे कळताच शेठ म्हणाले, "लोटूभाई, कपडे का आदमी तो तुम हो. भाभी को लेके जाओ, और ऑर्डर लेके आओ."

कॅम्पच्या मालकीण विशाखाबेन. त्यांचे आजोबा नवसारीकडून इकडे आले होते, आणि विशाखाबेनची बोली अजून सुरतीच होती. आल्या आल्या त्यांनी धीर दिला, "जनावर तंबूने भींत समजे. तमे अंदर रो', तो कंई नी थाय."

भिंत म्हटल्यावर मालतीबाईंना जरा हायसं वाटलं. नदीतल्या पाणघोड्यांचं घुरघुरणं ऐकत त्या दुपारच्या जेवणानंतर चक्क आडव्या झाल्या.

लोटूभाऊही आडवे झाले, आणि डोक्यावरच्या शिवणीपाशी त्यांना शिक्का दिसला. लॉट नंबर, तारीख, आणि खाली चेकरची सही : लो. पाटील.

तारीख धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसाची होती. तो लॉट त्यांना नीट आठवत होता. ताणून फाडायच्या चाचणीत पंचवीस किलो यायला हवे होते. आले होते एकोणीस.

लोटूभाऊ हळूच उठले. खिशात खडू असतोच. त्यांनी भिंतीवरून बोटं फिरवायला सुरुवात केली आणि जिथे धागा विरळ लागला तिथे गोल करून नंबर टाकला. एक, दोन, तीन. अकरा झाले तेव्हा मालतीबाई डोळे उघडून बघत होत्या.

"तुम्ही काय करी राहिनात?"

"काही नही."

"मन्हासंगे खोटं बोलू नका. हाई कापड तुम्हीच पास करेल शे ना?"

"कंटेनर दारात उभा व्हता, शेठ डोक्यावर उभा व्हता. मी शिक्का मारी दिधा."

"आनि फाटनं असतं तर?"

"म्हंतलं, जो तंबूमा झोपी तो पाही लेई."

"आते पाहा मंग!" असं म्हणून मालतीबाईंनी लाल भोंगा दोन्ही हातांनी दाबला आणि धरून ठेवला.

वाटाड्या मोथुसी धावत आला. त्याला दिसलं ते असं : दोन्ही खाटा तंबूच्या बरोबर मध्यभागी ओढलेल्या, त्यांच्याभोवती बॅगा रचलेल्या, आणि भिंतींवर अकरा पांढरी वर्तुळं. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. खरं सांगावं तर ऑर्डर जाते. लोटूभाऊंनी वर्तुळांकडे हात केला आणि म्हणाले, "डिझाइन. इंडिया डिझाइन."

मोथुसी मान हलवत गेला. चार वाजता विशाखाबेन ऑर्डरचं बोलायला येणार होत्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी तंबूत अंधारून आलं. ढग नव्हता. तंबूवर झुकलेल्या झाडाची फळं पिकली होती आणि ती खायला हत्ती आला होता. त्याने फांदी ओढली. ती पुरेशी वाकेना, म्हणून तो आणखी जवळ सरकला आणि तंबूला टेकला.

लोटूभाऊंनी भोंगा दाबला. भोंग्यातून "फुस्स" एवढंच निघालं. आतला सगळा गॅस मालतीबाईंनी एका दमात संपवला होता.

सात नंबरचं वर्तुळ आत सरकू लागलं. एक वीत. दीड वीत.

"धरा ना तेले!" मालतीबाई दबक्या आवाजात ओरडल्या.

"कोणले? हत्तीले?"

"कापडले!"

दोघांनी तळहात भिंतीला लावले. पलीकडे हत्तीची कूस होती. ती गरम होती आणि श्वासागणिक हलत होती. मालतीबाई पुटपुटत होत्या, "कानबाई माय, वाचाड." लोटूभाऊंची नजर सातच्या वर्तुळावरून हलत नव्हती. आतला एक धागा ताणला जात होता. तो कोणत्या मागावरचा असेल, हेसुद्धा त्यांना माहीत होतं. यातून जिवंत सुटलो तर खरं सांगून टाकायचं, मग ऑर्डर राहो की नोकरी जावो, असं त्यांनी ठरवलं.

चोवीस मिनिटांनी फळं संपली आणि हत्ती निघून गेला.

चार वाजता विशाखाबेन आल्या तेव्हा दोघं जमिनीवर बसलेले होते. लोटूभाऊ उभे राहिले, हात जोडले आणि सुरतीत एका श्वासात सगळं बोलून गेले : धनत्रयोदशी, कंटेनर, एकोणीस किलो, अकरा फॉल्ट. "बेन, माल खराब हुतो. शिक्को मारो छे. शेठनो वांक नी मळे." शिक्का माझा, शेठचा दोष नाही, असं त्यांनी वर जोडलं.



विशाखाबेननी सात नंबरच्या वर्तुळावर बोट ठेवलं. "लोटूभाई, अमने खबर छे."

"खबर छे?"

"पहिला तंबू शिवला तेव्हाच खुर्चीच्या पायाने फाटला," त्यांनी सुरतीत सांगितलं त्याचा अर्थ हा होता. "तेव्हापासून सुरतचा माल आम्ही डबल लावतो. आत एक, बाहेर एक, मध्ये शिवण. तुमच्या हाताला कळलं नाही?"

लोटूभाऊंनी कड चिमटीत धरून पाहिली. दोन थर होते.

"हात थरथरी राहिंता," मालतीबाईंनीच उत्तर दिलं.

"अने ऑर्डर?" लोटूभाऊंनी खालच्या आवाजात विचारलं.

विशाखाबेननी कागद पुढे केला. लोटूभाऊंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

तंबू बारा. एका तंबूला लागणारं कापड एकशे चाळीस मीटर. ऑर्डर तीन हजार तीनशे साठ मीटर.