धुक्यातली वरात

"हे बघ प्रसन्न, धुक्यात गाडी चालवायची म्हणजे डोकं थंड आणि पाय हलका," असं म्हणत भानुदासने गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवले.

जानेवारीतला शुक्रवार होता. शारजाहून अल ऐनला निघालेल्या त्या गाडीत पुढे भानुदास आणि त्याची बायको लतिका, तर मागे लतिकाचा धाकटा भाऊ प्रसन्न होता. प्रसन्नसाठी मुलगी बघायला चालले होते. मुलीचे वडील सूर्यकांतराव वेळेचे फार काटेकोर. मुलीचा फोटोसुद्धा पाठवणार नाही म्हणाले होते. "प्रत्यक्षच या. नाश्त्याला या. पण वेळेवर या!"

दुबई मागे पडली आणि वाळवंटातलं धुकं असं दाटून आलं, की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना.

"अहो, कडेला घ्या ना."

"कडेला थांबणाऱ्यालाच ठोकतात, लतिका. पार रस्ता सोडून थांबायचं असतं."

तत्त्व बरोबर होतं. उजव्या हाताला एक कच्चा रस्ता दिसताच भानुदासने गाडी आत घातली आणि मोकळी जागा बघत तो पुढे पुढे जात राहिला.

"दाजी, मागे दिवे दिसताहेत."

"असू देत. वर्दळीचा रस्ता असेल."

"वर्दळ नाही दाजी, रांग आहे. सगळे आपल्याच मागे आलेत!"

आता थांबावं तर मागचा येऊन आदळणार. भानुदास घाम पुसत तसाच पुढे निघाला. शेवटी काचेसमोर एक लांबट, कंटाळलेला चेहरा आला आणि त्याने ब्रेक दाबला. मागे ओळीने ब्रेक करकरले. सगळेच हळू चालले होते म्हणून कुणी कुणाला धडकलं नाही.

मागच्या पिकअपमधून जहूर नावाचा पठाण उतरला. "उस्ताद, अल ऐन आ गया?"

"नहीं भाई," भानुदास म्हणाला, "ये तो ऊंट है."

तेवढ्यात कानटोपी घातलेली एक मुलगी तरातरा पुढे आली. "सबसे आगे कौन था?"

"तरी मी सांगत होते यांना!" लतिका पुटपुटली.

"मराठी आहात? बरं झालं, आता नीट भांडता येईल. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावतात का? ते थांबल्यावर लावायचे! मला वाटलं, पुढे पोलीस रस्ता दाखवताहेत."

"अहो, शारजात मी इतकी वर्षं गाडी—"

"मग शारजातच चालवायची ना!"

प्रसन्नला हसू फुटलं. ती त्याच्याकडे वळली. "हसताय काय? तुम्ही काय करत होता?"

"मागे बसलो होतो."

"मग मागे बघायचं!"

एवढ्यात उंटांचा मालक, एक म्हातारा अरब, जवळच्याच खोलीतून बाहेर आला. दारात इतक्या गाड्या बघून तो चिडेल असं वाटलं होतं, पण त्याचा चेहरा उजळला. "मरहबा! मरहबा!" त्याने चटया अंथरल्या, खजूर मांडला, गहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, पेले फिरवले. धुकं हटेना आणि म्हातारा उठू देईना.

"खलास," लतिका नवऱ्याच्या कानात म्हणाली. "गेलं हे स्थळ."

मुलगी मात्र निवांत गहवा पीत होती. "तुम्हाला उशीर नाही होत?" प्रसन्नने विचारलं.

"होऊ दे. आज मला कुठेही वेळेवर पोचायचं नाहीये."

"मलाही," प्रसन्न म्हणाला आणि त्याने खजुराची बशी तिच्यापुढे सरकवली.

ऊन आलं, धुकं विरळ झालं. मुलगी उठली. "यल्ला, चला! माझ्या मागे या. अंतर ठेवा, आणि ते लुकलुकणं बंद!"

सगळी वरात मुकाट्याने तिच्यामागे निघाली. अल ऐनमध्ये बाकीच्या गाड्या आपापल्या वाटेने गेल्या. भानुदासची मात्र तिच्याच मागे राहिली.

"दाजी, आपण तिचा पाठलाग करतोय असं वाटेल तिला."

"मी काय करू? पत्त्यातही हेच वळण आहे!"

एका घरासमोर ती थांबली आणि उतरून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता काय? इथेही चुकलात?"

तेवढ्यात दार उघडून सूर्यकांतराव बाहेर आले. "या, या! धुक्यामुळे काळजीच लागली होती. अरे वा शिवानी, दुबईहून येताना पाहुण्यांनाही घेऊन आलीस?"

शिवानीने डोक्यावरची कानटोपी हळूच काढली.

पोहे आले. कुणी मान वर करीना. सूर्यकांतराव घसा खाकरून म्हणाले, "आधीच सांगतो, आमच्या मुलीला राग जरा पटकन येतो."

"कल्पना आहे," तिघेही एकदम म्हणाले.

"बरं शिवानी, तुला काही विचारायचंय?"

"गाडी येते चालवता?"

प्रसन्नने पोह्यांची बशी खाली ठेवली. "लायसन्स नाही अजून. प्रत्येक टेस्टला नापास केलं. दाजींनी शिकवलं ना."

शिवानी त्या दिवशी पहिल्यांदाच हसली.

"हरकत नाही," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी या. मी शिकवते."