सुभेदारांनी कोंडलेलं पाणी

मंगलनं कुरडया घालायच्या म्हणून गच्ची धुऊन काढली, आणि खाली स्वयंपाकघरात चहा पीत बसलेल्या सुभेदार नाथाजींच्या टकलावर टपकन थेंब पडला. वर बघतात तर नव्याकोऱ्या स्लॅबला केसाएवढी भेग! दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. नाथाजींना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या, कारण हा स्लॅब मंगलच्या धाकट्या भावानं, जयराजनं टाकला होता.

उंब्रजच्या या घराची वास्तुशांत होऊन महिनाच झाला होता, आणि वरच्या मजल्याचं कामही भावालाच द्यायचं, असं मंगलनं परस्पर ठरवून टाकलं होतं. नाथाजींच्या ते मनात नव्हतं. पण पंचवीस वर्षं सरहद्दीवर काढलेल्या माणसालाही बायकोच्या माहेराविरुद्ध पुराव्याशिवाय तोंड उघडता येत नाही. आता पुरावा आपण होऊन डोक्यावर पडला होता.

"बघ तुझ्या भावाची करामत!"

"एक थेंब पडला तर घर बुडालं व्हय? त्यो ईल आन् भरून दील."

जयराज तासाभरात भेग बुजवायचं सामान घेऊन मोटारसायकलवर हजर झाला. नाथाजींनी त्याला जिन्यातच अडवलं.

"खबरदार! पुरावा हाय त्यो. हात लावायचा न्हाई."

"आवं दाजी, धा मिन्टाचं काम हाय."

"पंधरा दिसांनी कराडच्या कॉलेजातनं अपूर्वाबाई येनार हाईत. माझ्या पलटणीतल्या दोस्ताची लेक. काँक्रीट शिकिवती ती. तिच्याम्होरं गळलं, तर वरच्या कामाला तुझं नाव न्हाई. न गळलं, तर सगळ्या भावकीसमोर तुझी माफी मागीन आन् काम तुला!"

मंगलनं हे ऐकलं आणि नवऱ्याशी बोलणंच टाकलं. ताटात दोन्ही वेळेला पिठलं येऊ लागलं.

नाथाजी डगमगले नाहीत. पण एवढ्या लांबून येणाऱ्या बाईला थेंबभर पुरावा काय दाखवायचा? गळती कशी, नजरेत भरेल अशी पाहिजे! उसाला पाणी द्यायला वाफे बांधतात, तसे त्यांनी गच्चीवर मातीचे बांध घातले आणि पाणी कोंडलं. खाली पातेलं ठेवलं आणि रोज सकाळी घड्याळ लावून थेंब मोजायला बसले.

पहिल्या दिवशी मिनिटाला बावीस. नाथाजींनी मिशीला पीळ दिला. चौथ्या दिवशी चौदाच. पाणी कमी पडतंय, असं म्हणून त्यांनी बांध वीतभर चढवले. आठव्या दिवशी सहा! मग मात्र त्यांना संशय आला, की जयराज चोरून येऊन भेगेला काहीतरी लावतोय. त्यांनी जिन्याला कुलूप ठोकलं. मंगल चिडून कुरडयांचं साहित्य घेऊन शेजारच्या बयाबाईंच्या गच्चीवर गेली आणि नवऱ्याचं सगळं पुराण तिथं सांगून आली. बाराव्या दिवशी पातेलं ठणठणीत कोरडं.

घरातली गळती थांबली म्हणून कधी कुणाला रडू आलंय का? नाथाजींना यायचंच बाकी होतं. त्यांनी आणखी पाणी सोडलं, स्लॅबवर हात आपटून बघितला, देवालाही हात जोडले. थेंब काही पडेना.

पंधराव्या दिवशी अपूर्वा आली. आधी बयाबाई आणि मग अख्खी भावकी स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभी राहिली. अपूर्वानं स्टुलावर चढून भिंगातून भेग बघितली.

"काका, गळत होतं?"

"मिन्टाला बावीस थेंब! वहीत लिवून ठिवलंय!"

"भेग याच्या दुप्पट रुंद असती ना, तर पाणी आठपट गेलं असतं, मग काही खरं नव्हतं. पण ही अगदी बारीक. आत न भिजलेलं सिमेंट शिल्लक असतं. त्याला पाणी मिळालं, चुना साचला, भेग भरून आली. ही पांढरी रेघ दिसते ना, ती त्याचीच." ती खाली उतरली. "पण काका, पाणी कोंडायचं कुणी सुचवलं तुम्हाला? नामी इलाज केलात!"

भावकीत हशा पिकला. नाथाजी कानापर्यंत लाल झाले. पण दिलेला शब्द म्हणजे शब्द. सावधानमध्ये उभे राहून ते म्हणाले, "जयराज, चुकलं माझं. वरचं काम तुझं."

"आवं," पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मंगलचा आवाज आला, "पुऱ्या तळू का?"

जेवणाआधी जयराज त्यांना हळूच गच्चीवर घेऊन गेला.

"दाजी, तुमच्यापासनं काय लपवू? स्लॅब टाकला आन् दुसऱ्याच दिशी मी मेढ्याला दोस्ताच्या लग्नाला गेलो. भर उन्हाळ्यात चार दिस पानीच मारलं न्हाई. भेग त्यानंच पडली. पंधरा दिस डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. तुमी वाचिवलं!" आणि त्यानं वाकून पायच धरले.

नाथाजींची छाती फुगली. हे कबुलीचं वाक्य ऐकायला त्यांनी किती पाणी कोंडलं होतं! भावकी अजून खालीच होती. एक हाक मारायचा अवकाश. त्यांनी जिन्याकडे वळून तोंड उघडलं.

खालून मंगलचं हसणं ऐकू आलं. बयाबाईंना ती सांगत होती, "आमच्या ह्यास्नी सगळं कळतं बाई! पानी कोंडायचं आमच्या घरात दुसऱ्या कुनाला सुचलं असतं?"

नाथाजींनी तोंड मिटलं.

"ऊठ," ते मेव्हण्याला म्हणाले. "वरच्या स्लॅबला पानी मी मारनार. आन् तुझ्या बहिणीला ह्यातलं एक अक्षर कळता कामा न्हाई."